शंकर पुरुषोत्तम आघारकर

हा लेख वनस्पतिशास्त्रज्ञ शं. पु. आघारकर यांच्याविषयी आहे. समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर यांच्याविषयी स्वतंत्र लेख पाहावा.

शंकर पुरुषोत्तम आघारकर (जन्म : मालवण, १८ नोव्हेंबर १८८४, मृत्यू : पुणे, २ सप्टेंबर १९६०) हे मराठी वनस्पतिशास्त्रज्ञ, कोलकाता विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे घोष प्राध्यापक आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेचे संस्थापक संचालक होते. अवर्षणात तग धरणाऱ्या वनस्पती कोठून आल्या आणि त्यांचा प्रसार कसा झाला, हा त्यांच्या डॉक्टरेटच्या प्रबंधाचा विषय होता. त्यांनी स्थापन केलेली संस्था १९९२ पासून आघारकर संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते. कोरडवाहू गव्हाच्या जाती आणि सह्याद्रीतील शुष्कतासह वनस्पती या दोन्ही विषयांवर तेथे आजही काम चालते.

पूर्वायुष्य आणि वेण्णेचा डोह

आघारकरांचा जन्म कोकणातील मालवण येथे झाला. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते, आता ते सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात उच्च शिक्षण घेऊन पुढे तेथेच ते जीवशास्त्राचे अध्यापन करू लागले. त्या काळी वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र यांच्यात आजच्यासारखी भिंत उभी राहिलेली नव्हती. पश्चिम घाटात भटकंती करणारा अभ्यासक झाडे आणि पाण्यातील जीव दोन्ही गोळा करीत असे. आघारकरांचे पहिले नाव झाले तेही वनस्पतीमुळे झाले नाही, एका जेलीफिशमुळे झाले.

सातारा जिल्ह्यातील मेढा येथे वेण्णा नदीच्या पात्रात १९११ साली त्यांना गोड्या पाण्यातील एक लहान जेलीफिश सापडला. कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे नेल्सन ॲनन्डेल यांनी त्याचे वर्णन करून त्यास लिम्नोक्निडा इंडिका हे नाव दिले. या वंशाचे जीव तोवर केवळ आफ्रिकेतून, टांगानिका सरोवरासारख्या ठिकाणांहून ज्ञात होते. त्यामुळे सह्याद्रीतील एका नदीत त्यांचा आढळ होणे ही मोठीच बातमी ठरली. पुढे एफ. एच. ग्रेव्हली यांच्यासमवेत आघारकरांनी या जीवाचे राहणीमान आणि प्रसार यांवर निबंध प्रसिद्ध केला. उन्हाळ्यात प्रवाह थांबून पात्रात जे डोह उरतात, त्यांत हा जीव दिसतो. पाऊस सुरू होऊन नदीला लोंढा आला की तो दिसेनासा होतो.

भारत आणि आफ्रिका यांत समुद्र असताना एकच वंश दोन्हीकडे कसा, हा प्रश्न या शोधातून उभा राहिला. आघारकरांच्या पुढील प्रबंधाचा प्रश्नही याच जातीचा आहे. त्यांची कारकीर्द पाहताना हा दुवा सहसा दुर्लक्षित राहतो, परंतु तो ध्यानी घेतल्याशिवाय पाण्यातल्या जीवावरून वाळवंटातल्या झुडपांकडे त्यांनी घेतलेले वळण नीट समजत नाही.

घोष अध्यासन आणि बर्लिनमधील वर्षे

प्रसिद्ध कायदेपंडित रासबिहारी घोष यांनी १९१३ साली कोलकाता विद्यापीठास दहा लाख रुपयांची देणगी दिली. तीमधून विज्ञानाची चार अध्यासने निर्माण झाली. त्यांपैकी एक वनस्पतिशास्त्राचे होते व शेतीशी संबंध राखण्याची अपेक्षा त्यास जोडलेली होती. कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांची दृष्टी प्रांताच्या सीमा मानणारी नव्हती, त्यामुळे मालवणच्या या तरुण अध्यापकाची या अध्यासनावर निवड झाली. अध्यासन स्वीकारणाऱ्याने परदेशी जाऊन विषयाची पुढील तयारी करावी अशी व्यवस्था होती. त्यानुसार आघारकर जर्मनीस गेले. भौतिकीच्या घोष अध्यासनासाठी निवडलेले देवेंद्रमोहन बोस हेही त्याच सुमारास बर्लिनला पोहोचले.

तेवढ्यात १९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध पेटले. ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन म्हणून दोघेही शत्रुराष्ट्रात अडकले. आघारकरांना काही काळ स्थानबद्धही राहावे लागले. तिशीतील संशोधकाची उमेदीची वर्षे अशी परक्या मुलखात, परतीची वाट बंद असताना गेली. १९१९ साली बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळवली. त्यांचे मार्गदर्शक आडोल्फ एंग्लर हे वनस्पतींच्या वर्गीकरणातील आणि वनस्पतिभूगोलातील युरोपमधील अग्रगण्य नाव होते व बर्लिन-डालेम येथील वनस्पती उद्यानाचे ते संचालक होते.

प्रबंधाचा विषय वायव्य भारतातील मरुवनस्पती, उपमरुवनस्पती व लवणवनस्पती यांची प्रसारसाधने आणि त्यांचे मूळ स्थान हा होता. हा प्रबंध जर्मन भाषेत असून १९२० साली एंग्लर यांच्या वनस्पतिशास्त्रीय वार्षिकीतून प्रसिद्ध झाला. मरुवनस्पती म्हणजे अत्यल्प पाण्यावर जगणाऱ्या वनस्पती. लवणवनस्पती खाऱ्या जमिनीत वाढतात. खारी जमीन ओली असली तरी तिच्यातील पाणी मुळांना सहजी मिळत नाही, म्हणून या दोन्ही गटांची अडचण मुळात एकच आहे. सिंध, राजपुताना व पंजाब या कोरड्या पट्ट्यातील वनस्पतींचे अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेतील वनस्पतींशी जवळचे नाते आहे. अशा वनस्पतींच्या बिया वाऱ्याने उडतात की जनावरांच्या अंगाला चिकटून जातात, हे पाहिले म्हणजे त्यांच्या प्रवासाची दिशा उलगडू लागते. रुईच्या बोंडातील म्हातारी आणि पायात रुतणारा सराटा ही आपल्या परिचयाची उदाहरणे याच दोन प्रकारांची होत.

एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. आघारकर वनस्पतिक्रियाशास्त्रज्ञ नव्हते. पाण्याच्या ताणात पानाच्या आत काय घडते याचे मोजमाप त्यांनी केले नाही. अवर्षणात टिकणाऱ्या वनस्पती कोणत्या, त्या कोठे आहेत आणि कोठून आल्या, येथवर त्यांचा प्रश्न होता. काही गौरवपर लेखनात त्यांच्या संस्थेचे उत्तरकालीन संशोधन त्यांच्याच खाती जमा केलेले दिसते, ते योग्य नाही.

कोलकात्यातील अध्यापन

जर्मनीहून परतल्यावर त्यांनी कोलकाता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे अध्यापन व संशोधन उभारण्याचे काम हाती घेतले. तारकनाथ पालित यांच्या बालिगंज सर्क्युलर रस्त्यावरील वास्तूत हा विभाग चालत असे. पूर्व हिमालय व नेपाळपर्यंत जाऊन त्यांनी वनस्पतींचे संकलन केले. १९२० च्या दशकात भारतीय विज्ञान काँग्रेसचे सरचिटणीस म्हणूनही त्यांनी काम पाहिले. अधिवेशनांची आखणी, पत्रव्यवहार, निबंधांची जुळवाजुळव हे काम पडद्यामागचे व वेळखाऊ. त्यांच्या नावावरील शोधनिबंधांची संख्या त्यांच्या विद्वत्तेच्या मानाने कमी भरते, त्यामागे हेही एक कारण असावे.

जे निबंध आहेत त्यांवर मात्र अध्यासनाच्या हेतूची छाप आहे. बंगालच्या जलमार्गांत जलपर्णीने त्या काळी उच्छाद मांडला होता. ही वनस्पती केवळ धुमाऱ्यांनी वाढते की बीही धरते, यावर तिचा बंदोबस्त अवलंबून होता. आघारकर आणि त्यांचे सहकारी आय. बॅनर्जी यांनी १९३० साली जलपर्णीचे परागण व बीजधारणा यांवर निबंध प्रसिद्ध केला. मुळशीच्या डोंगरात उगम पावणारी मुळा पुण्यात पोहोचता पोहोचता दर उन्हाळ्यात याच जलपर्णीने झाकली जाते, हे पाहता हा प्रश्न मराठी वाचकालाही परका नाही. पी. एन. भादुरी यांच्यासमवेत केळीतील गुणसूत्रांच्या संख्येतील फरकांवर त्यांनी लिहिलेले टिपण १९३५ साली करंट सायन्समध्ये आले.

याच शहरात जगदीशचंद्र बोस हायड्रिला या पाणवनस्पतीच्या साहाय्याने प्रकाशसंश्लेषणाचे मोजमाप करीत होते. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९२४ साली निघाला. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील आर. एच. दस्तूर यांनी १९२४ आणि १९२५ साली ॲनल्स ऑफ बॉटनी या नियतकालिकात पानातील पाण्याचे प्रमाण आणि प्रकाशसंश्लेषण यांचा संबंध दाखवणारे निबंध प्रसिद्ध केले. पाणी कमी पडले की पानाचे काम कसे मंदावते, हा आज जगभर अभ्यासला जाणारा प्रश्न मुंबईत शंभर वर्षांपूर्वी मांडला गेला होता, ही बाब आपल्याकडे फारशी कोणाच्या स्मरणात नाही. आघारकरांचा वनस्पतिभूगोल आणि दस्तूरांचे क्रियाशास्त्र हे दोन प्रवाह एकत्र येण्यास पुढे बराच काळ जावा लागला.

महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी

१९४६ साली कोलकात्याहून निवृत्त होऊन आघारकर पुण्यास आले. वयाची साठी उलटलेली होती. कोलकात्यात महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली स्थापन केलेली इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था त्यांनी जवळून पाहिली होती. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपले नोबेल पारितोषिकप्राप्त संशोधन त्याच संस्थेत केले होते. विद्यापीठाबाहेर, लोकांच्या पाठबळावर चालणारी अशी संशोधनसंस्था महाराष्ट्रात असावी या विचारातून त्याच वर्षी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची स्थापना झाली. इंग्रजी नावातील साम्य उघड आहे. आघारकर तिचे पहिले संचालक झाले आणि अखेरपर्यंत त्या पदावर राहिले.

स्थापनेच्या वेळी संस्थेजवळ पैसा बेताचाच होता. तरीही आघारकरांनी निरनिराळ्या शाखांतील जाणती माणसे जमवली. कवकशास्त्रज्ञ मो. ना. कामत यांच्या कामामुळे संस्थेचे कवकशास्त्र देशभर ओळखले जाऊ लागले. आघारकरांच्या पश्चात संचालकपदाची धुरा सांभाळणारे जी. बी. देवडीकर यांनी गहू आणि मधमाश्या या विषयांत लक्ष घातले. पुढे केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या अनुदानावर चालणारी स्वायत्त संस्था असे तिचे स्वरूप झाले.

२ सप्टेंबर १९६० रोजी आघारकरांचे निधन झाले. १९९२ साली संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. योगायोग असा की ही संस्था ज्या रस्त्यावर आहे तो रस्ता गोपाळ गणेश आगरकरांच्या नावाचा आहे. त्यामुळे संस्थेच्या नावातील आघारकर म्हणजे सुधारककार आगरकरच, असा समज पुण्यातही पुष्कळांचा असतो, आणि छापील मजकुरातही घ चा ग झालेला आढळतो.

पाण्याचा ताण आणि संस्थेचे उत्तरकालीन काम

आघारकरांनी मरुवनस्पतींविषयी विचारलेला प्रश्न शेतातील पिकांच्या बाबतीत वेगळ्या रूपाने समोर येतो. पीक काही वाळवंटातले नव्हे. त्याला पाणी हवेच असते, पण पाऊस ओढ देतो. अशा वेळी रोप सर्वप्रथम पानांवरील सूक्ष्म पर्णरंध्रे मिटून घेते. पाण्याची वाफ बाहेर जाणे थांबते, परंतु त्याच दारातून आत येणारा कार्बन डायऑक्साइडही अडतो. ऊन मात्र पडतच असते. हरितद्रव्याने शोषलेली ती ऊर्जा वापरायला कच्चा माल नसल्याने पानालाच अपाय करू लागते. रोप तिचा काही भाग उष्णतेच्या रूपाने टाकून देते. ताण लांबला तर प्रकाशसंश्लेषणाची विकरे आणि हरितकणांतील यंत्रणाच ढिली पडते. शेतकरी ज्याला पिकाने मान टाकली असे म्हणतो, त्याच्या आधीच हे बरेचसे घडून गेलेले असते.

पुन्हा पाणी मिळाल्यावर काय होते, हे ताण किती व किती दिवस होता यावर ठरते. ताण हलका असेल तर रंध्रे एकदोन दिवसांत पूर्ववत उघडतात व पान जणू काही झालेच नाही असे कामाला लागते. ताण तीव्र असेल तर पहिल्या दिवशी प्रकाशसंश्लेषण बहुधा निम्म्याच्या आसपासच परत येते. उरलेले परत यायला मोडलेली यंत्रणा नव्याने बांधावी लागते आणि त्यात कित्येक दिवस जातात. पिवळी पडलेली खालची पाने तर परत येतच नाहीत. मुळशी तालुक्यातील भातखाचरांत हे चित्र डोळ्यांनी पाहता येते. लावणीनंतर पावसाने उघडीप दिली की खाचराला भेगा पडतात, आंबेमोहोराचे पान दुपारी सुरळी होते आणि संध्याकाळी पुन्हा उलगडते. सकाळीही सुरळी तशीच राहिली तर ताण मुरला असे जाणते लोक समजतात. त्यानंतर आलेल्या पावसाने भात हिरवे होते, पण भात पोटरीत असताना ताण बसला असेल तर लोंबीतील पळींजांची संख्या वाढलेली दिसते. पान सावरते, दाणा भरून निघत नाही.

गव्हाबाबत हाच हिशेब वेळेचा होतो. पेरणीनंतर सुमारे तीन आठवड्यांनी मुकुटमुळे फुटतात, तेव्हाचे पाणी चुकले तर फुटवेच कमी येतात. दख्खनच्या पठारावर मात्र गव्हाचे मोठे क्षेत्र जमिनीतील ओलीवर किंवा एखाददुसऱ्या संरक्षित पाण्यावर काढले जाते. अशा शेतीसाठी आघारकर संशोधन संस्थेने विकसित केलेला एमएसीएस ४०२८ हा बन्सी गटातील गहू उल्लेखनीय आहे. द्वीपकल्पीय विभागातील वेळेवर पेरलेल्या कोरडवाहू गव्हासाठी तो तयार केलेला असून सुमारे १०२ दिवसांत पक्व होतो. त्याचे सरासरी उत्पादन हेक्टरी १९.३ क्विंटल असून दाण्यात प्रथिने सुमारे १४.७ टक्के असतात. कमी दिवसांत पिकणे हा स्वतःच ताण चुकवण्याचा एक मार्ग आहे. जमिनीतील ओल संपण्यापूर्वी ओंबी भरून झालेली असते. बागायती गव्हाच्या तुलनेत हे उत्पादन थोडे वाटेल. ज्याच्या विहिरीला माघात पाणी नसते, त्याच्या दृष्टीने तुलना बागायती गव्हाशी नसतेच. संस्थेचे प्रयोगक्षेत्र बारामती तालुक्यातील होळ येथे आहे.

प्रबंधाच्या विषयाशी सर्वात जवळचे नाते सांगणारे काम मात्र अलीकडचे आहे. संस्थेतील वनस्पतिशास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातील ६२ शुष्कतासह वनस्पतींची नोंद केली व त्याची माहिती २०२४ च्या आरंभी जाहीर झाली. पूर्वी अशा केवळ नऊ वनस्पती येथून ज्ञात होत्या. ६२ पैकी १६ भारताबाहेर आढळत नाहीत आणि १२ पश्चिम घाटातील खडकाळ उघड्या जागांपुरत्याच मर्यादित आहेत. शुष्कतासह वनस्पती मरुवनस्पतींहून वेगळ्या आहेत. मरुवनस्पती पाणी राखून ठेवते. शुष्कतासह वनस्पती पाणी जाऊ देते, जवळजवळ पूर्ण वाळते, प्रकाशसंश्लेषण संपूर्ण थांबवते आणि पाणी मिळताच काही तासांत किंवा एकदोन दिवसांत पुन्हा हिरवी होते. तिच्यातील काही जाती वाळताना हरितद्रव्य जपून ठेवतात, काही ते मोडून टाकतात व ओल आल्यावर नव्याने तयार करतात. पहिला मार्ग लवकर कामाला लागण्याचा, दुसरा उन्हाचा अपाय टाळण्याचा.

असा संपन्न संग्रह देशातील अतिपावसाच्या पट्ट्यात मिळावा याचे नवल वाटते, पण सह्याद्रीचे सडे पाहिलेल्यास ते वाटणार नाही. ताम्हिणीसारख्या घाटमाथ्यावर चार महिन्यांत काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तरी उघड्या खडकावर मातीचा थर बोटभर असतो, त्यात पाणी साठून राहत नाही आणि दिवाळीनंतर जूनपर्यंत खडक तापत राहतो. पावसाळ्यातही आठ दिवसांची उघडीप पडली की तो थर कोरडा होतो. तेथील गवताला वर्षातून अनेकदा वाळावे आणि उठावे लागते. या गटात तृणकुलातील ट्रायपोगॉन हा वंश ठळक आहे. मे महिन्यात त्याचे झुपके काडीसारखे निर्जीव दिसतात, वळवाची एक सर पडली की दुसऱ्या दिवशी त्यांत हिरवा रंग चढलेला असतो. ट्रायपोगॉन हे भात आणि गहू यांच्याच कुळातील असल्याने वाळण्याची व सावरण्याची त्याची जनुकीय व्यवस्था समजून घेण्याकडे पीकशास्त्रज्ञांचे लक्ष आहे. अशी व्यवस्था पिकात आणणे अद्याप साधलेले नाही. दुसरीकडे खडकाळ पठारे वरून ओसाड दिसत असल्याने पडीक जमीन म्हणून गणली जातात, आणि बांधकाम, खाणकाम किंवा माती टाकून केलेली लागवड यांत ती सहज नाहीशी होतात. बारा जातींपैकी एखादीचे सारे क्षेत्र अशाच चारदोन सड्यांपुरते असू शकते.

स्मृती

पुण्यातील संशोधन संस्था हे आघारकरांचे मुख्य स्मारक होय. वनस्पतिनमुन्यांचा मोठा संग्रह तेथे जतन केलेला आहे. लिम्नोक्निडा इंडिका या जेलीफिशच्या शोधकर्त्याचे नाव म्हणून प्राणिशास्त्राच्या ग्रंथांतही त्यांचा उल्लेख येतो. बर्लिनचा प्रबंध मुळात जर्मन भाषेत असल्याने मराठी वाचकांपर्यंत तो फारसा पोहोचलेला नाही.